परड्यातली मरतूक : प्रस्तावना

परड्यातली कोंबडी मेली तर तिची नोंद कुठेच होत नाही. गाय-म्हैस दगावली तर डॉक्टर येतात, पंचनामा होतो, विमा असेल तर कागद हलतात. शेळी मेली तरी शेजारची चार माणसे दारात येऊन विचारपूस करतात. कोंबडीचे तसे नाही. सकाळी खुराड्याचे दार उघडले की बाकीच्या फडफडत बाहेर पडतात आणि एक आत पाय ताणून पडलेली असते. "कालपर्यंत तर चांगली होती," एवढेच घरात बोलले जाते. मग बाई तिला पायांना धरून उचलते आणि ओढ्याच्या कडेला नाहीतर उसाच्या सरीत टाकून येते. आठवडाभरात आणखी दोन-तीन गेल्या की मर लागली असे ठरते, मरीआईपुढे नारळ फुटतो आणि विषय संपतो. कशाने मेल्या, हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही.

हा प्रश्न विचारला जावा, यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत ज्यांच्या दारात पाच, दहा, फार तर पंचवीस कोंबड्या आहेत, त्यांच्यासाठी ते आहे. दहा हजार पक्ष्यांचे शेड चालवणाऱ्याला त्याची गरज नाही. त्याच्याकडे लसीकरणाचे वेळापत्रक असते, कंपनीचा डॉक्टर असतो आणि रोजच्या मरतुकीचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. परड्यात यातले काहीच नसते. आणि परड्यातल्या कोंबड्या काही थोड्याथोडक्या नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींच्या वर कुक्कुट पक्षी मोजले गेले. त्यांतले ३१ कोटी ७० लाख परसातले होते आणि आधीच्या गणनेपेक्षा ते जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढले होते. घरोघरी या पक्ष्यांची राखण बाई करते. अंड्याचे पैसे तिच्या हातात येतात. मुलाची वही, एसटीचे तिकीट, देवाचा नारळ, भिशीचा हप्ता यांसाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. चार कोंबड्या मेल्या की तिचा हा आधार जातो, आणि तो गेल्याचे घरातल्या पुरुषाच्या लक्षातही येत नाही. परड्यातली मरतूक इतकी वर्षे दुर्लक्षित राहिली, त्याचे हे पहिले कारण आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

हे दोन जिल्हे मुळात एकच. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. पण कोंबड्यांच्या आजाराच्या दृष्टीने पाहिले तर खरी विभागणी पूर्व-पश्चिम आहे. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगराकडच्या गावांत पावसाळाभर खुराड्याची जमीन वाळत नाही. तिथे पिलांना रक्ती हगवण आणि मोठ्यांना जंत. माण, खटाव, आटपाडी, जतच्या बाजूला उन्हाचा तडाखा, आणि दगडमातीच्या भिंतींच्या फटींत गोचिडी. मधल्या कृष्णाकाठच्या बागाईत पट्ट्यात, तासगाव-मिरज-पलूसच्या द्राक्षबागांच्या कडेला, फवारणीचे औषध. मानमोडी मात्र सगळीकडे सारखीच.

मानमोडीला इंग्रजीत न्यूकॅसल म्हणतात आणि आपल्याकडचे सरकारी नाव राणीखेत. हा रोग १९२६ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल गावाजवळ आणि जावा बेटावर ओळखला गेला. पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला तो आढळला. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी, जत्रांच्या दिवसांत त्याचा जोर असतो. जत्रेसाठी कोंबडे बाजारातून विकत आणले जातात, पाय बांधून एसटीने आणि मोटारसायकलवरून या गावचे त्या गावी जातात, दोन दिवस परड्यात बांधलेले राहतात. रोग त्यांच्याबरोबर फिरतो. हिरवट हगवण, चोच वासून घेतलेला श्वास, लोंबणारे पंख, आणि जी जगली तिची मान पिरगळलेली. लस न टोचलेल्या गावात तो शिरला तर सगळी खुराडी रिकामी करून जातो. त्यात आणखी एक वाईट सवय भर घालते. पहिल्या दोन मेल्या की उरलेल्या मरायच्या आत विकून टाकाव्यात म्हणून बाई त्या बाजारात नेते. चार पैसे वाचवण्याची ती धडपड असते, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या बाजारातून रोग पाच गावांना पोचतो.

या रोगावर औषध नाही. लस आहे, आणि ती जुनी आहे. पिलू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, आणि सहा ते आठ आठवड्यांची तलंग झाली की पंखाखाली आर-टू-बीची सुई. ही दुसरी लस आपल्याच देशातल्या मुक्तेश्वरच्या पशुरोग संशोधन संस्थेत १९४० च्या सुमारास तयार झाली. एवढे सगळे असूनही कोंबड्या मरतात, कारण अडचण कुपीच्या आकारात आहे. शंभर-दोनशे मात्रांपेक्षा लहान कुपी सहसा मिळत नाही. एकदा द्रव मिसळला की ती दोन तासांच्या आत संपवावी लागते, आणि तोवर बर्फावर ठेवावी लागते. आठ कोंबड्यांची मालकीण शंभर मात्रांचे काय करणार? ती दुकानातून परत येते. म्हणून परड्यातले लसीकरण एकट्या घराचे काम नव्हेच, ते आळीचे काम आहे. बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा होतात, तशी वर्षातून दोनदा कुपीची वर्गणी गोळा झाली, एका संध्याकाळी सगळ्या घरच्या कोंबड्या डालग्यांखाली झाकून ठेवल्या, तर एक कुपी पंधरा घरांना पुरते. माझ्या लेखी या पुस्तकात सांगितलेल्या सगळ्या उपायांत याच्याइतका मोलाचा दुसरा नाही.

पण प्रत्येक मरण मानमोडीचे नसते, आणि इथेच खरी गफलत होते. मान पडली की मानमोडी, असे धरून चालतात. उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकलेल्या मेलेल्या कोंबडीत अळ्या पडतात. मेलेल्या अंगात वाढणाऱ्या एका जिवाणूचे विष त्या अळ्यांत साठते. जिवंत कोंबड्या अळ्या आवडीने वेचतात. त्यानंतर पाय लुळे पडतात, मान मऊ होऊन जमिनीला टेकते, पापण्या मिटतात, एक-दोन दिवसांत कोंबडी जाते. मानमोडीत मान वळते, पिळवटते. इथे ती सैल पडते. फरक एवढाच, पण तो पाहणाऱ्याला कळतो. आणि हा आजार आपण फेकलेल्या मढ्यातून येतो. हातभर खोल खड्डा आणि वर चुन्याची मूठ, एवढ्याने तो टळतो.

अचानक आलेल्या मरणाबद्दल सावकाशीने बोलले पाहिजे, कारण बहुतेक मरणे अचानक नसतातच. कोंबडी हा दुसऱ्याचे भक्ष्य होणारा पक्षी आहे. घार, मुंगूस, बोका यांची नजर अशक्त पक्ष्यावर आधी जाते, म्हणून आजार लपवणे तिच्या रक्तात आहे. त्याहून जवळचा शत्रू म्हणजे तिच्याच खुराड्यातल्या कोंबड्या. जी जरा मागे पडली, जिचा तुरा फिका झाला, जी दाण्यावर उशिरा आली, तिला त्या टोचून हाकलतात. म्हणून आजारी कोंबडी शेवटपर्यंत दाणे टिपायचे सोंग करते. चोच खाली-वर होते, पोटात काही जात नाही. अगदी उभे राहवेनासे झाले की ती पिसे फुलवून कोपऱ्यात बसते, आणि दुसऱ्या दिवशी मेलेली सापडते. मालकिणीला एक दिवसाचा आजार दिसतो. तो महिन्याचा असू शकतो. आजार, अचानक मरण आणि आपापसातला जाच या तीन गोष्टी लोक वेगवेगळ्या समजतात. त्या एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत, हेच पुढच्या सगळ्या प्रकरणांत सांगायचे आहे.

मग ओळखायचे कसे? डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवावा. मेलेली कोंबडी टाकण्याआधी, हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून, तिच्या छातीचे मधले हाड चाचपावे. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर ती खरोखरच झटक्यात गेली. हाड सुरीच्या धारेसारखे बोटाला लागले तर ती कित्येक दिवस उपाशी होती, मग तो जंत असो, जुनाट रोग असो वा बाकीच्यांचा जाच. गळ्याखालची पिशवी दाबून पाहावी. अंग भरलेले, पिशवीत दाणे गच्च, आणि एकाच दुपारी तीन-चार मेलेल्या, तर विषाचा संशय घ्यावा. जूनमध्ये पेरणीला आणलेले, औषध चोळलेले लाल-गुलाबी बियाणे, धान्याच्या कणगीजवळ ठेवलेली उंदराची गोळी, ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत रोज चालणारा फवारा आणि त्याखाली पडलेले किडे, यांतले काय पोटात गेले ते शोधावे. पिशवी टणक आणि आत गवताचा, सुतळीचा गुंता असेल तर खालची वाट बंद झाली होती. मागची बाजू पाहावी. हिरवी घाण चिकटली आहे का, रक्त आहे का, पोट पाण्याच्या फुग्यासारखे झाले आहे का. अंडे आत अडकले तर कोंबडी दिवसभर कण्हत उभी राहते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाते. तुरा पाहावा. कागदासारखा पांढरा पडला असेल तर रक्त कुठेतरी चालले आहे.

ते रक्त कुठे चालले, हे दिवसा कधीच दिसत नाही. कोंबडीची गोचीड दिवसभर भिंतीच्या फटीत, खुराड्याच्या लाकडाच्या सांध्यात, डालग्याच्या कामट्यांच्या विणीत दडून बसते आणि अंधार पडल्यावर बाहेर येते. रात्री दहानंतर बॅटरी घेऊन खुराड्यात वाकावे, एखाद्या कोंबडीचा पंख उचलावा. चपटी, करड्या रंगाची, खसखशीपासून मसूरडाळीएवढी गोचीड कातडीला चिकटलेली किंवा परत फटीकडे चाललेली दिसते. ती रक्त तर पितेच, वर तापाचे जंतू अंगात सोडते. रक्त न मिळताही ती महिनोन् महिने जगते. त्यामुळे खुराडे दोन महिने रिकामे ठेवले, म्हणजे ते स्वच्छ झाले असे मुळीच नाही. फटी मातीने लिंपणे, सांध्यांवर दिव्याची ज्योत फिरवणे, लाकूड उन्हात काढणे हे माणदेशातल्या म्हाताऱ्या बायका करत आल्या आहेत, आणि ते शास्त्राला धरून आहे.

उन्हाळ्यात दुपारी मरणाऱ्या कोंबड्यांचे कारण साधे असते आणि तरी ते नजरेतून सुटते. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाची उष्णता मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते. हवा चाळिशीला टेकली आणि खुराड्यावर पत्रा असला की धापा टाकण्यापलीकडे तिच्या हातात काही राहत नाही. सगळ्यात आधी मरते ती सगळ्यात जाड आणि भरपूर अंडी देणारी. लोक म्हणतात, नजर लागली. दुपारी बारा ते चार दाणा बंद, सावलीत मातीच्या परातीत पाणी, पत्र्यावर उसाचे पाचट, इतके केले तरी फरक पडतो.

आता जाचाविषयी. कोंबड्यांत उतरंड असते. कोण कोणाला टोचणार आणि कोण निमूटपणे बाजूला होणार, हे ठरलेले असते. नॉर्वेचे थोरलाइफ श्येल्डरूप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्यांचे वेड होते. त्यांनी वर्षानुवर्षे टिपणे ठेवून ही उतरंड १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रापुढे मांडली. एकदा ती बसली की खुराड्यात शांतता नांदते. ती मोडते नवी कोंबडी आल्यावर, कोंबडा मेल्यावर, किंवा खुडूक कोंबडी तीन आठवडे अंड्यांवर बसून परत आल्यावर. सरकारी योजनेतून गिरिराज किंवा वनराजची पिले येतात, ती मोठी होतात, आणि एके दिवशी देशी कोंबड्यांत सोडली जातात. अंगाने ती थोराड, पण जुन्या गावठी कोंबड्यांच्या चोचीपुढे टिकत नाहीत. पाण्याजवळही त्यांना फिरकू दिले जात नाही. आठवड्याने एक मरते आणि दोष जातीवर जातो, की ही सरकारी पिले लेचीपेची असतात.

डोक्यावर, तुऱ्यावर पडणारी टोच उतरंडीची असते आणि ती आपली आपण थांबते. पाठीवर, शेपटाच्या मुळाशी आणि गुदद्वारावर पडणारी टोच वेगळी. तिच्यामागे भूक असते, मिठाची किंवा प्रथिनांची वाण असते, अंगावरच्या उवा असतात, नुसती दाटी असते. रक्त एकदा दिसले की सगळ्या त्याच जागी तुटून पडतात आणि आतडी बाहेर येईपर्यंत थांबत नाहीत. अंडे घालताना अंग बाहेर आलेल्या तलंगीचा असा शेवट होतो, आणि सकाळी पाहणारा म्हणतो की मुंगूस येऊन गेले. जखमेवर हळद लावतात ते बरे, पण जखमेचा लाल रंग झाकला जाईल असे जांभळे औषध लावले तर टोचणाऱ्यांचे लक्ष उडते. आपण बहुतेक वेळा मार खाणारीला वेगळे काढतो. ती चार दिवसांनी परत आली की परकी ठरते आणि पुन्हा मार खाते. त्यापेक्षा मारणारीला काढावे. परतल्यावर तिची जागा खाली गेलेली असते. नवी आणायची तर एकटी आणू नये, आठवडाभर जाळीपलीकडे ठेवावी, आणि रात्री अंधारात आत सोडावी. दाणा दोन ठिकाणी टाकावा.

उपाशी कोंबडीची काय गत होते, ते सांगली जिल्ह्याने २०१९ मध्ये उघड्या डोळ्यांनी पाहिले. मध्य प्रदेशातल्या झाबुआची काळी कडकनाथ कोंबडी पाळा, पिले आणि खाद्य आम्ही देऊ, अंडी चढ्या भावाने आम्हीच घेऊ, असे सांगून इस्लामपुरातून एक योजना राज्यभर पसरली. त्या पावसाळ्यात ती कोसळली. खाद्य येणे थांबले, अंडी उचलायला कोणी येईना, आणि शेडमधल्या पक्ष्यांना स्वतःच्या खिशातून चारणे शेतकऱ्याला झेपेना. कोंबड्या उपासाने मेल्या. सप्टेंबरमध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या यात्रेपुढे संतापलेल्या कार्यकर्त्यांनी कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली. फसवणुकीची चर्चा पुष्कळ झाली, गुन्हे दाखल झाले. पक्ष्यांचे जे झाले, त्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

खाद्यातूनही मरण येते, आणि ते ओळखायला फार वेळ लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावामधल्या बटाव्हियात क्रिस्तियान आइकमान यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लडखडू लागल्या, पाय लुळे पडले. ते जंतू शोधत राहिले. पुढे उलगडा झाला तो असा, की काही दिवस कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला सडीचा पांढरा भात घातला जात होता. नव्या आचाऱ्याने तो देणे बंद केले आणि कोंबड्या सावरल्या. तिथून जीवनसत्त्वांच्या शोधाची वाट निघाली आणि १९२९ चे नोबेल आइकमानना मिळाले. आपल्या परड्यातला धोका बहुधा बुरशीचा असतो. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी कोणालाही न कळणाऱ्या रोगाने मेले, तेव्हा दोष ब्राझीलहून आणलेल्या शेंगपेंडीतल्या बुरशीच्या विषाचा निघाला. आपल्याकडे पावसात भिजलेला मका आणि खवट पेंड "माणसाला चालत नाही, कोंबड्यांना घाला" म्हणून बाजूला काढतात. ती कोंबड्यांनाही चालत नाही. यकृत पिवळे पडते, वाढ खुंटते, लस दिली तरी लागू होत नाही.

एवढे सारे सांगूनही काही मरणे घरच्या घरी कळणार नाहीत. त्यासाठी पक्षी उघडून पाहावा लागतो. साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात, शिरवळला, १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. मेलेली कोंबडी दुहेरी पिशवीत, बर्फावर, पण गोठू न देता, त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचली तर उत्तर मिळण्याची शक्यता असते. पोट फाडले की आतड्याच्या दोन आंधळ्या पिशव्यांत गोठलेले रक्त, पथरीच्या वरच्या जठरात टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, आतडे तुंबवून बसलेले जंत, हे अनुभवी डॉक्टरला पाच मिनिटांत बोलते करते.

मात्र एक सावधगिरी सगळ्यांत वर. दोन दिवसांत निम्म्या कोंबड्या गेल्या, तोंडे सुजली, तुरे काळेनिळे पडले, आसपास कावळेही मरून पडू लागले, तर कशालाही हात लावू नये, कापू नये, विकू नये, खाऊ नये. बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या, तेव्हा भोपाळच्या प्रयोगशाळेने त्याचे निदान केले. अशी मरतूक कळवणे जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे. लोक कळवत नाहीत, कारण कळवले तर सगळ्या मारतील ही भीती असते. भीती खोटी नाही. पण लपवलेल्या मरतुकीत घरातली लेकरे सापडतात, हे त्याहून मोठे आहे.

वाचणाऱ्या मायबहिणींना आणि घरातल्या पुरुषांनाही एकच मागणे आहे. मुलाच्या जुन्या वहीची उरलेली पाने घ्या आणि पुढची कोंबडी मरेल त्या दिवशी तारीख, तिचे वय, छातीचे हाड, गळ्याची पिशवी, विष्ठेचा रंग आणि त्या आठवड्यात परड्यात नवीन काय आले, एवढे लिहून ठेवा. दोन मेल्या तर पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा आणि ती वही समोर धरून बोला.